नाही म्हणायचं नाही

२ मार्च

ती. ताईस,
नमस्कार, आणि नमस्काराला लागूनच भांडण, कारण मागचं अजून संपलेलं नाही.

ते कुलूप काढ. परवा फोनवर हेच म्हणालो तर तू म्हणालीस की लांबून बोलायला काय जातं, आणि मी फोन ठेवून दिला. ठेवला तो ठेवला. फोनवर तू ओरडतेस, मी ठेवतो आणि मग दोघंही आठवडाभर कुढतो. त्यापेक्षा पत्र बरं. कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही.

अगं, ज्या माणसानं जन्मभर अख्ख्या गल्लीची कुलपं उघडून दिली, त्या किल्लीवाल्याला तू घरात कोंडून कामाला जातेस? आणि कुलूप कुठलं, तर त्यांच्याच पेटीतलं, आतूनही किल्ली लागणारं? ते तुझ्या केसांच्या पिनेनं उघडून बाहेर पडले यात नवल ते काय! मला ऐकून आधी हसू आलं, खोटं कशाला सांगू. बाबांना आज वार कुठला ते आठवत नाही, जेवलो की नाही ते आठवत नाही, पण बोटांना खटका कुठं असतो ते आठवतं. हसून झाल्यावर मात्र ताट तसंच बाजूला सारलं.

तू म्हणशील, तुला काय माहीत. हत्यारांची पिशवी घेऊन ते दुकानावर जायला निघतात, दुकानाच्या जागी मोबाईलवाला बसलेला दिसतो, मग ते त्याला उठ म्हणतात आणि तो पोलिसांना बोलावीन म्हणतो. हे सगळं तू सांगितलंस आणि ते मला कळलं. पण कोंडलेला माणूस जास्त धडपडतो. मीही कोंडला गेलो होतो की त्या दुकानात, सातवीतून शाळा सुटल्यावर. एवढीशी फळी, एक गुडघा आत आणि एक रस्त्यावर, दिवसभर कानशीची खरखर. मी पळालोच ना?

आणि हो, तू माझ्या कामाला नावं ठेवलीस ती मी विसरलेलो नाही. लोकांच्या मागं मागं हिंडायचे पैसे मिळतात का, असं विचारलंस. मिळतात. इथं शहराचा जो जुना भाग आहे तो बघायला लोक लांबून येतात. आठ-दहा जणांचा घोळका करून त्यांना पायी हिंडवायचं, वाडे, गल्ल्या, बाजार दाखवायचा, असा हा धंदा. पुढे आमच्या छत्रीबाई चालतात. ऊन असो नसो, पिवळी छत्री उंच धरून. त्या बोलतात, लोक ऐकतात. आणि सगळ्यांच्या मागं मी. माझ्या जागेला इथं शेपूट म्हणतात. कुणी दुकानात रेंगाळला, कुणी फोटो काढत मागं राहिला, कुणाच्या बुटाची नाडी सुटली, की त्याच्यापाशी थांबायचं आणि त्याला घोळक्यात आणून सोडायचं. कुणी हरवला तर बोलणी मला. तुला वाटतं मी टिवल्याबावल्या करतो. पायाला भिंगरी असलेल्या माणसाला याहून चांगलं काम कुठलं, सांग बरं?

येण्याचं विचारलंस. आत्ता हंगाम आहे, रोज दोन-दोन फेऱ्या होतात. बघतो. कुलूप तेवढं काढ.

माया आहे ती आटू देऊ नकोस.
तुझा,
भिंगरी

सोबत चार हजार पाठवतोय.


११ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद आहेतच, ते शेवटी देईन. आधी ऐकून घे.

कागद असा लांबट चिंचोळा का, म्हणून नाक मुरडू नकोस. बाइंडिंगच्या कामात वह्यांच्या कडा कापल्या की ही कातरणं उरतात. मालक न्या म्हणतात. तुझ्याशी भांडायला एवढी जागा पुरते.

दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काही खोटं नाही. कुलूप काढलं. काढलं त्याच दिवशी दुपारी मालकांच्या फोनवर निरोप आला की तुमचे वडील चौकात मधोमध उभे आहेत आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या आहेत. मी खळीनं माखलेल्या हातांनी तशीच धावले. बाबा उभे होते, हातात पिशवी, आणि प्रत्येक गाडीवाल्याला विचारत होते की किल्लीवाल्याचं दुकान कुठं आहे. स्वतःचंच दुकान, भिंगरी. एकानं सांगितलं की इथं असलं काही दुकान नाही, तर त्याला म्हणाले, तुम्ही नवीन दिसता.

मी काय करत नाही असं तुला वाटतं? सकाळी सांगून जाते की दुकान आता नाही, तुम्ही ते देऊन टाकलंत, आई होती तेव्हाच दिलंत. तर मला म्हणतात, आई कुठं आहे. मग आईही नाही हे सांगायचं. रोज नव्यानं सांगायचं आणि त्यांनी रोज नव्यानं ऐकायचं. परवा ऐकून ते न्हाणीत जाऊन बसले, बाहेर यायलाच तयार नाहीत. आत काय करत होते, तर कडी काढून तिला तेल देत होते. आता न्हाणीला कडी नाही. मी आत गेले की गाणं म्हणते, म्हणजे कुणी येऊ नये. हस आता.

नाक्यापलीकडची संस्था मी बघून आले. म्हाताऱ्या माणसांना सांभाळतात. स्वच्छ आहे, खिडक्या मोठ्या आहेत, पण दाराला बाहेरून कुलूप आहे. तिथल्या बाईंनी मला प्रामाणिकपणे सांगितलं की कुलपाशिवाय त्यांनाही जमत नाही. एप्रिलअखेर एक जागा रिकामी होतेय. तोवर हो की नाही ते कळवा म्हणाल्या. मी माझ्या घरचं कुलूप काढायचं आणि त्यांच्या घरच्या कुलपात बाबांना द्यायचं, की नोकरी सोडायची, की अजून काही तिसरं आहे? तुला सुचत असेल तर सांग. तू शेपूट आहेस ना, मागं राहिलेल्यांना सांभाळतोस ना? आम्ही दोघं बरेच मागं राहिलोय.

हंगाम, हंगाम म्हणतोस. गेली सहा वर्षं तुझा हंगामच चालू आहे. तुला कसली भीती वाटते ते मला कळतं, पण मी लिहिणार नाही. तू आलास आणि त्यांनी तुला कोण तू विचारलं तर, हेच ना? मला ते रोज विचारतात. मेले नाही मी.

जेवण वेळेवर कर. उन्हात टोपी घाल.
अनेक आशीर्वाद, आणि त्यातला एक कान धरून,
तुझी ताई


१९ मार्च

ती. ताईस,
नमस्कार. तुझं कातरण मिळालं. तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचायची हिंमत झाली नाही.

न्हाणीतलं गाणं कुठलं ते कळव. मला संशय आहे की शेजारी घर बदलतील.

आता नीट ऐक, मला काहीतरी सुचलंय. परवा छत्रीबाईंचा घसा साफ बसला. शब्द फुटेना. मला म्हणाल्या, म्हणजे खुणेनंच म्हणाल्या, की आज तू बोल. मी आजवर शंभरदा ऐकलेलं, म्हटलं त्यात काय. पहिले दोन थांबे झोकात झाले. तिसऱ्या थांब्यावर पूर्वी जुन्या शहराचा मोठा दरवाजा होता. तो केव्हाच पाडला. आता तिथं सिग्नल आहे आणि एक चपलांचं दुकान. लोक माझ्याकडे बघायला लागले आणि माझी पाटी कोरी. मी म्हणून गेलो, इथं आता काही नाही, पुढे चला. झालं! एक गृहस्थ तडकले, की काही नाही तर उभं कशाला केलंत, आम्ही काय सिग्नल बघायला आलो? दुसऱ्या बाई म्हणाल्या, आमचे पाय दुखतात. सगळा घोळका आंबला तो शेवटपर्यंत.

फेरी संपल्यावर छत्रीबाईंनी मला बाजूला घेतलं. आवाज नव्हता तरी झाडायचं ते झाडलंच, कुजबुजत. त्यांचं म्हणणं असं की आपल्या धंद्यात 'नाही' हा शब्द नाही. नाही म्हणायचं नाही, होतं म्हणायचं. नाही म्हटलं की माणूस भांडायला उठतो, होतं म्हटलं की थांबून बघायला लागतो. गोष्ट तीच, दरवाजा पाडलेलाच, पण शब्द वेगळा. मी म्हटलं, बाई, ही काय शब्दांची हातचलाखी. तर दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तिथंच परत उभं केलं. मी हात वर करून म्हटलं, इथं दरवाजा होता, हत्ती जाईल एवढा. आणि ताई, तुला पटणार नाही, सगळ्यांनी माना वर केल्या. सिग्नलच्या वर, नुसत्या हवेत, बघत राहिले. चपलांचा दुकानदारही बाहेर येऊन वर बघायला लागला.

मला तेव्हा बाबा आठवले. तू त्यांना दिवसभर काय सांगतेस? दुकान नाही. आई नाही. असलं काही नाही. तू खरंच बोलतेस, पण ते भांडायला उठणारच. त्यांना होतं म्हणून बघ. दुकान होतं, इथंच होतं, काय दुकान होतं!

आणि नुसतं म्हणू नकोस, त्यांना फेरीला ने. कोंडायचंही नाही, मोकळंही सोडायचं नाही, तिसरं काय ते हेच. तू कामावरून आलीस की रोज एक फेरी. मी आपल्या गल्लीची फेरी लिहून सोबत जोडलीय, थांब्यांसकट. दवाखान्याच्या दारावरचं पितळी कुलूप, बर्फवाल्याचा कोयंडा, त्या दोघा भावांचं दार, ज्याला एकच कुलूप पण चाव्या दोन, म्हणजे एकट्याला उघडताच येऊ नये. सगळी दारं बाबांनीच केलेली आहेत. प्रत्येक ठिकाणी थांबायचं, कागदावरचं वाचायचं, होतं म्हणायचं. शेवटचा थांबा दुकान. आणि हातात छत्री हवीच. छत्रीशिवाय लोक कुणाच्या मागं जात नाहीत, हा आमच्या धंद्यातला नियम.

मला येता येत नाही म्हणून कागद पाठवतोय, असं म्हणशील. म्हण. पण करून बघ.

राग असू दे, पण त्याच्या शेजारी थोडी माया ठेव.
तुझा,
भिंगरी

सोबत चार हजार पाठवतोय, त्यातून नवी छत्री घे.


२ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. या वेळी सुरुवातीलाच, कारण तू कमावलेत.

छत्री नवी घेतली नाही. आईची काळी होती तिच्या टोकाला लाल चिंधी बांधली. पहिल्या दिवशी मी आपली छत्री उंच धरून पुढे, आणि बाबा दारातच. म्हणाले, ऊन नाही पाऊस नाही, बाईंना झालंय काय. दुसऱ्या दिवशी तेच. समोरच्या खिडकीतून दोघी-तिघी बघत होत्या. मला तुझा असा राग आला म्हणून सांगू.

तिसऱ्या दिवशी हात धरून दवाखान्यापर्यंत नेलं. मी थांबले आणि तुझा कागद वाचायला लागले, की या दारावर मोठं पितळी कुलूप होतं. बाबांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. हे कुणी लिहिलंय म्हणाले. पितळी नव्हतं, लोखंडी होतं, वरून पितळेचा नुसता पत्रा. ज्यानं लिहिलं त्यानं ते कुलूप कधी हातात घेतलं नसणार, दुरून चमक बघून लिहिलं असणार. मग माझ्या हातातला कागद घेतला, चार घड्या केल्या आणि दवाखान्याच्या झोके खाणाऱ्या फाटकाखाली खोचला. फाटक हलायचं थांबलं. तुझ्या कागदाचा उपयोग झाला, नाही म्हणत नाही. बघ, पुन्हा नाही आलंच, उपयोग होता म्हणायला हवं होतं.

नंतर छत्रीही काढून घेतली आणि म्हणाले, चला, मी दाखवतो.

भिंगरी, मी त्यांच्या मागून चालले. मी! बाबा बर्फवाल्याच्या दाराशी थांबले, तिथं आता औषधांचं दुकान आहे, पण त्याकडे त्यांनी बघितलंही नाही. बर्फाच्या पाण्यानं गंज महिन्याभरात कोयंडा खायचा, म्हणून शेवटी बिजागरीच उलटी बसवली होती, ते सांगितलं. मी मध्येच हो का, हो का करत होते. त्या दोघा भावांच्या दाराशीही थांबलो. मग दुकान.

 मोबाईलवाला आम्हाला बघून स्क्रूड्रायव्हर हातात तसाच धरून फळीवरूनच पुढे झुकला, भांडायच्या तयारीनं. बाबांनी छत्रीचं टोक त्याच्या फळीकडे केलं आणि मला म्हणाले की इथं माझं दुकान होतं.

होतं. मी शिकवलं नाही रे. ते आपणच म्हणाले. एक गुडघा आत, एक रस्त्यावर, पावसात उजवा भिजायचा, हेही सांगितलं. मोबाईलवाल्याचा एक गुडघा बाहेरच होता. त्यानं तो आत ओढला.  बाबा मागं वळले आणि सरळ घरी आले, चौकाकडे वळलेही नाहीत.

दारात आल्यावर मला म्हणाले, बाई, पंधरा झाले. मला कळेना. एवढं हिंडवलं, त्याचे पंधरा. किल्लीचा भाव आहे तो, त्यांच्या वेळचा. मी दिले. त्यांनी खिशात टाकले आणि बजावलं की अडकली तर परत घेऊन या, घासून देईन, त्याचे पैसे नाहीत.

त्यांना मी कोण ते कळलं नव्हतं. पण गिऱ्हाईक म्हणून माझ्याशी किती अदबीनं वागले म्हणून सांगू. मुलगी म्हणून कधी एवढं वागले नव्हते.

दोघा भावांच्या दाराशी एक गोष्ट झाली ती लिहायची राहिली. हे कातरण संपलं. पुढच्या वेळी बघू.

टोपी घालतोस ना?
तुझी ताई


९ एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार, दोन्ही हातांनी.

तुझं पत्र मी छत्रीबाईंना वाचून दाखवलं. फाटकाचं ऐकून त्या डोळ्यांत पाणी येईतो हसल्या, नंतर डोळे पुसत बसल्या, ते हसण्याचंच पाणी होतं की काय, मी विचारलं नाही. त्या म्हणाल्या, असा गाईड मिळाला तर मी उद्या छत्री खाली ठेवते. त्यांनी विचारलं की तुझे वडील आमच्याकडे येतील का. मी म्हटलं, त्यांचा भाव पंधरा आहे, तुम्हाला परवडतील.

मला रात्री उगाच आनंद झाला होता. एवढ्या लांबून मी एक कागद लिहिला आणि तिकडे फाटक हलायचं थांबलं, निदान तेवढं तरी. पितळेचा पत्रा मला कधी कळलाच नाही बघ. मी खरंच दुरून चमक बघून पळालो असणार.

आता रोज फेरी चुकवू नकोस. वेळ तीच ठेव. संस्थेच्या बाईंना कळवून टाक ना, की आमचं आम्ही बघतो. तू उगाच घाई केलीस असं मी म्हणत नाही, पण बघ, सुटलं की नाही?

आणि ती राहिलेली गोष्ट कुठली? तू मुद्दाम कातरण संपवलंस. मी तुला ओळखतो. तू वाईट गोष्ट नेहमी शेवटी ठेवतेस आणि मग ठेवूनच देतेस.

हंगाम मेअखेरपर्यंत आहे. त्यानंतर नक्की बघतो.

आठवणीत ठेव.
तुझा,
भिंगरी

सोबत चार हजार पाठवतोय.


१५ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

काही सुटलेलं नाही. तुला वाटतं कागद पाठवला की काम झालं. मीही आठ दिवस तसंच समजले.

गेल्या आठवड्यात मी छत्री घेते न घेते तोच बाबा एका घरात शिरले. आपल्या ओळखीचं घर नाही. आत जाऊन त्यांच्या दाराचं कुलूप खोलायला बसले, तीन स्क्रू काढून झाले तेव्हा घरातल्या बाईंनी किंचाळून घर डोक्यावर घेतलं. माणसं जमली. बाबा शांतपणे सांगत होते की हे नीट बसलेलं नाही, कुणीही उघडेल. खरं होतं, कारण ते स्वतःच उघडून आत गेले होते. पण खरं ऐकायला कुणाला वेळ होता. मी हात जोडले, पुन्हा असं होणार नाही म्हणाले. नाही हा शब्द मला लागतोच रे. तुझ्या धंद्यात नसेल.

आता ती राहिलेली गोष्ट. तू विचारलीस म्हणून लिहिते.

दोघा भावांच्या दाराशी पहिल्याच फेरीत बाबांनी त्या दोन चाव्यांचं सांगितलं. ते भाऊ एकमेकांवर विश्वास ठेवत नव्हते, म्हणून असं कुलूप करून घेतलं, आणि पुढे एक भाऊ लांब गेला तेव्हा दुसऱ्याला दार उघडेना. मग बाबाच ते तोडायला गेले होते. हे सांगता सांगता ते थांबले. मला म्हणाले की मलाही एक मुलगा होता. त्याला एका जागी बसवत नसे.

होता म्हणाले. तुझाच शब्द, फिरून तुझ्यावरच आला. म्हणून मी लिहिलं नव्हतं.

माझ्या तोंडून निघून गेलं की मग तो गेला कुठं. विचारायला नको होतं.  बाबा मागं वळले, गल्लीच्या टोकापर्यंत बघितलं आणि म्हणाले, मागं राहिला असेल, तो नेहमी मागं राहतो, येईल, थांबू या. बाजारात जाताना तू प्रत्येक दुकानापाशी रेंगाळायचास ते त्यांना आठवलं असेल. मी म्हणाले चला, तर म्हणाले, लहान आहे, चुकेल.

पहिल्या फेरीत थोडा वेळच थांबले. आता रोज जास्त थांबतात. कालपासून दुकानापर्यंत पोचतच नाही आम्ही. ते छत्री धरून उभे, तोंड मागं, आणि मी शेजारी. दिवे लागले तरी हलत नाहीत. परवा मी त्यांना ओढलं तर त्यांनी मला ढकललं. रागानं नाही. मी त्यांना त्यांचं लेकरू टाकून चला म्हणत होते ना, कोण ऐकेल? मनगट सुजलंय, म्हणून अक्षर असं आलंय.

संस्थेच्या बाईंनी तीस तारखेपर्यंत सांगा म्हटलंय. माझं मन होकडे झुकलंय. तिथं निदान खिडकीपाशी बसून वाट बघतील. तुला विचारत नाही. कळवते आहे.

पैसे पाठवू नकोस. पैशांचं त्या दाराशी काही काम नाही.
तुझी ताई


२१ एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार.

मनगटाला गरम पाण्यानं शेक. गिऱ्हाईकानं गाईडला ओढायचं नसतं, एवढं तरी तुला कळायला हवं होतं. बाकी चेष्टा सुचत नाहीये.

तुझं पत्र आलं तेव्हा आमची फेरी निघायच्या बेतात होती. वाचलं, खिशात घातलं आणि चाललो. दरवाज्याच्या थांब्यावर एक म्हातारे गृहस्थ मागं राहिले. त्यांच्यापाशी गेलो तर ते मला म्हणाले, तुम्ही जा पुढे, माझ्यासाठी नका थांबू. आणि मी रस्त्यात रडायला लागलो, ताई. ते बिचारे घाबरले. त्यांनीच मला हाताला धरून घोळक्यात आणून सोडलं. छत्रीबाईंनी बघितलं. संध्याकाळी त्यांना तुझं पत्र दिलं. वाचून त्यांनी एवढंच विचारलं की मागं राहिलेल्या माणसाला शोधायला शेपूट जातं, पण शेपूटच मागं राहिलं तर कोण जातं.  हंगाम आहे हे त्यांनी मला ऐकवलं नाही. मीही त्यांना ऐकवलं नाही. त्यांना दुसरं शेपूट मिळालं तर मिळालं. परत आल्यावर माझी जागा असेल असं त्यांनी काही म्हटलेलं नाही.

मी सव्वीस तारखेला दुपारी पोचतोय. घरी येणार नाही, सरळ गल्लीच्या टोकाला थांबेन. तू बाबांना सांगू नकोस. हा तुमचा मुलगा, ओळखलंत का, असलं काही त्यांच्या पुढ्यात करू नकोस. रोजच्यासारखी फेरी काढ. त्यांना त्या दाराशी थांबू दे आणि मागं वळू दे. ते वळले की मी चालायला लागेन. धावणार नाही. मी कधी धावत आलो नव्हतो, रेंगाळतच यायचो.

त्यांनी लहान पोराची वाट बघितली आणि समोर हा दाढीवाला आला, तर काय होईल मला माहीत नाही. कोण तू म्हणाले तर सांगेन की फेरीतला माणूस आहे, मागं राहिलो होतो. ते खोटं नाही. मग ते दुकानापर्यंत नेतील तर मी मागून चालेन, नाही हलले तर तिथं उभा राहीन. तुझ्याऐवजी. तू घरी जाऊन शेक घे.

संस्थेच्या बाईंना तोवर हो म्हणू नकोस. नाहीही म्हणू नकोस. आपण दोघं त्या दाराशी उभे राहून काय ते ठरवू. कुलूप एकच आहे आणि एक चावी इतकी वर्षं माझ्याकडे होती.

पैसे पाठवू नकोस म्हणालीस. जवळचे होते ते प्रवासाला गेले, तेव्हा तुझंच ऐकल्यासारखं झालं. फक्त फेरीत एक जागा माझ्यासाठी धरून ठेव, आणि बाबांना तिचे पैसे आगाऊ दे. गिऱ्हाईक मागून येतंय, एवढं सांग.

तुझा,
भिंगरी

सोबत पंधरा पाठवतोय.